सिमकार्ड आणि आईचा अडकित्ता

मोबाईलचं सिमकार्ड अडकित्त्याने कापू नये.

इतकं साधं वाक्य, पण फोनबरोबर येणाऱ्या त्या चिमुकल्या माहितीपुस्तिकेत ते कुठेही छापलेलं नाही. (मी नंतर सगळी वाचली. बारीक अक्षरांसकट.) 'बॅटरी चावू नये' असं आहे. 'फोन आगीत टाकू नये' असंही आहे. म्हणजे जगात बॅटरी चावणारे लोक आहेत हे त्यांना माहीत होतं. डोंबिवलीत एक ड्राफ्ट्समन राहतो आणि त्याच्या आईला सुपारी लागते, एवढंच कुणी त्यांना कळवलं नव्हतं.

मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक त्याला सज्जनपणा म्हणतात आणि मीही इतकी वर्षं ते खोडून काढलं नाही, कारण खोडून काढायचं म्हणजे बोलावं लागणार. एमआयडीसीतल्या कारखान्यात मी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढतो. तिथे रेघ बोलते. घरी बोलायचं काम वृंदाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, आणि उरलंसुरलं आईकडे. त्यामुळे हा प्रकार घडला तेव्हाच काय तो मी सविस्तर सांगितला, त्यानंतर कुणाला नाही. घरचे सांगतात, पण ते हसण्याच्या भरात मापं चुकवतात.

तर वृंदा. गणपतीत उकडीचे मोदक करून द्यायचं तिचं काम. सुरुवात आमच्या बिल्डिंगपासून झाली, मग माझी बहीण शैला कळव्याला राहते तिथल्या सोसायट्या आल्या, आणि त्या वर्षी प्रथमच ठाणं आलं. शैला ठाण्याला एका वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिंग करते. त्या बाईंच्या घरी दीड दिवसाचा गणपती आणि कोर्टातलं अर्धं जग दर्शनाला. शैलाने डब्यातून नेलेला वृंदाचा मोदक त्यांनी खाल्ला आणि म्हणाल्या, "वहिनींचा नंबर द्या. मी स्वतः बोलून ठरवते, मंगळवारी."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात 'मंगळवार' हा वार न राहता सण झाला.

वृंदाचा फोन बटणांचा. त्याचं एक बटण दाबलं की दोन अक्षरं उमटायची आणि दुसरं दाबलं की एकही नाही. गिऱ्हाइकांचे सगळे नंबर त्यातल्या सिमकार्डात. सिममध्ये नावाला जागा थोडी, म्हणून तिने नावंच काढून टाकली होती आणि कामाचं तेवढं ठेवलं होतं: 'कळवा जायफळ नको'. 'टिळकनगर गूळ कमी'. 'खारेगाव लहान कळ्या'. एकदा मी म्हटलं, "अगं, या बाईंचं नाव काय?" तर म्हणाली, "नाव विसरलं तर चालतं हो. जायफळ विसरून चालतं का?"

मंगळवारी वकीलबाईंशी बोलताना ते बटण अडकू नये, म्हणून मी तिच्यासाठी काचेचा नवा फोन आणला. सोमवारी. गुपचूप. (मी सगळंच गुपचूप करतो, त्यात विशेष काही नाही.)

तिने तो उलटसुलट करून पाहिला, खूश झाली, आणि लगेच म्हणाली, "पण माझे नंबर?"

"सिम यातून काढायचं, त्यात घालायचं. दहा मिनिटं."

"नक्की? उद्या त्यांचा फोन यायचाय हं."

"दहा मिनिटं," मी म्हटलं. तेवढंच म्हणून थांबलो असतो तर!

वृंदा गेली गिरणीत मोदकाची पिठी आणायला. मी दोन्ही फोन उघडले. जुन्याचं सिम टपाल तिकिटाएवढं, नव्याची खाच करंगळीच्या नखाएवढी. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? कंपनीच्या दुकानात जाऊन नवं सिम घेतलं असतं. मी तिथे फोन केला. ते म्हणाले, नवं सिम चालू होईपर्यंत जुनं बंद राहील, दिवसभरही लागेल. गणपतीच्या आठवड्यात वृंदाचा नंबर दिवसभर बंद? मग स्टेशनजवळचा मोबाईलवाला. त्याच्याकडे स्टेपलरसारखं यंत्र असतं, खटकन दाबलं की सिम लहान होतं. आता ते यंत्र मी एकदा पाहिलं होतं. ना मापाची पट्टी, ना काही. ज्या माणसाने आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी वाद घातलाय (लेखी), त्याने आपल्या बायकोचं सिम असल्या स्टेपलरखाली द्यायचं?

मी ट्रेसिंग पेपर काढला.

नव्या फोनच्या ट्रेमधली खाच मी बारीक पेन्सिलीने अशी गिरवली की कारखान्यात दाखवली असती तर टाळ्या पडल्या असत्या. तो कागद सिमच्या सोनेरी बाजूवर चिकटवला, कारण सोनेरी भागाला धक्का लागता कामा नये. मग कात्री. आमच्या घरातली कात्री दुधाच्या पिशव्या सोडून दुसरं काही कापत नाही; सिमवर ती नुसती घसरली. मी इकडेतिकडे पाहिलं. आई गॅलरीत जपमाळ घेऊन बसलेली, आणि टेबलावर तिचा सुपारीचा डबा, उघडा. त्यात अडकित्ता. पितळी, कोकणातून आलेला, रोठा सुपारीचे दोन तुकडे करताना ज्याला श्वाससुद्धा घ्यावा लागत नाही असा.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला फार आनंद झाला होता.

कट्. एक बाजू सरळ. कट्. दुसरी. कट्. एकदम रेघेवर! शेवटी तिरका कोपरा राहिला. सिमचा एक कोपरा तिरका असतो, म्हणजे ते उलटं बसू नये. कट् केलं आणि तो कोपऱ्याचा तुकडा टुणकन उडून कुठे गेला तो दिसलाच नाही. जाऊ दे म्हटलं. सिम ट्रेमध्ये ठेवलं.

बसेना.

फिरवलं. बसेना. मग मात्र मी ट्रे हातात घेऊन नीट पाहिला. ट्रेमध्ये सोनेरी बाजू खाली असते. मी चित्र काढलं होतं वरून आणि चिकटवलं होतं खालच्या अंगाला! म्हणजे तिरका कोपरा डावीकडे हवा तो उजवीकडे. आरशातलं सिम! कारखान्यात नवीन मुलं आली की पहिल्या महिन्यात हीच चूक करतात. मी काही बोलत नाही, नुसता त्यांच्या ड्रॉइंगवर एक छोटा आरसा ठेवून जातो. फार मार्मिक विनोद समजला जातो तो आमच्याकडे.

इथे थांबायला हवं होतं. पण मी दुसरा कोपराही तिरका कापला. आता सिम सुलटं बसेल तसं उलटंही बसणार होतं, पण निदान बसणार होतं! तरीही ट्रे आत जाईना, कारण जुनं सिम जाड. मग पॉलिश पेपरने ते घासलं. मग फुंकर मारली. मग ट्रे आत ढकलला. तो गेला. 'सिम नाही' असं फोन म्हणाला. मी बाहेर ओढला. ट्रे आला, सिम आत राहिलं.

भुवयांच्या चिमट्याने मी ते काढलं तेव्हा त्याच्या सोनेरी भागावर एक सुरेख चरा होता. जुन्या फोनमध्ये परत घालावं, तर तिथे ते खोलीत घरंगळणाऱ्या गोटीसारखं हलायला लागलं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चौकट करून त्यात बसवलं. जुना फोनही म्हणाला, 'सिम नाही'. इतकी वर्षं त्याचं अर्धं बोलणं कळत नव्हतं, तेवढंच नेमकं स्पष्ट!

तेवढ्यात दार वाजलं. वृंदा, हातात पिठीचा डबा.

"झालं का हो?"

मी सांगणार होतो. शपथ. तोंड उघडलंही होतं. पण तिने डबा ठेवला, हात पुसले, नवा फोन अलगद उचलला आणि असं बघितलं माझ्याकडे, की माझ्या तोंडून भलतंच वाक्य पडलं.

"झालंय. रेंज नाहीये. टॉवरचं काहीतरी चाललंय."

वर्षभरात मी बोललेलं ते सगळ्यात लांब खोटं. आणि मी कमी बोलत असल्यामुळे माझ्या शब्दाला आमच्या सोसायटीत भलतीच किंमत!

वृंदाने जिन्यात शेजारणीला सांगितलं, शेजारणीने खाली सांगितलं, आणि चहा संपायच्या आत सेक्रेटरी देवधरकाका आमच्या दारात. समोरच्या बिल्डिंगवर मोबाईलचा टॉवर आहे. देवधरकाकांचं आणि त्याचं जुनं वैर. त्यांचं डोकं दुखलं तर टॉवर, त्यांची तुळस वाळली तर टॉवर, कबुतरं आली तरी टॉवर आणि गेली तरी टॉवर.

"पाटणकर, मी सांगत होतो की नाही? बसवून ठेवलाय, आणि रेंज देत नाहीत! तुमचा एकट्याचाच नाही, माझाही फोन सकाळपासून जरा जडच लागतोय."

"काका, तसं काही..." मी.

"तुम्ही गप्प बसणारे म्हणून हे लोक शेफारलेत! पण आता नाही. अर्ज द्यायचा. तुमचं अक्षर छान आहे, लिहायला घ्या."

आणि मी लिहायला घेतलं! ठळक, सरळ, ड्रॉइंगवर लिहितात तशा अक्षरात मी एका निरपराध टॉवरविरुद्ध तक्रार लिहिली. खाली 'पीडित' म्हणून पहिली सही माझी. ज्यांचे फोन दिवसभर वाजत होते ती माणसंही जिन्यात उभी राहून सही करून गेली. "आमच्याकडे पण जरा असं खरखर येतंय." "मी परवा फोन लावलेला ना, मध्येच कट झालेला." तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने तर सही करता करता फोन उचलला, "हॅलो, हां, थांब रे, जरा टॉवरची कंप्लेंट करतोय," आणि ठेवून दिला.

मंगळवार उजाडला. वृंदा नवा फोन घेऊन गॅलरीत. मग गच्चीत. मग परत गॅलरीत. हात वर करून, ओवाळताना ताट धरतात तसा फोन धरून ती फिरत होती. "अहो, जरा पुढे सरकलं की येईल का? तुम्हाला कळतं त्यातलं." मी मान हलवली. होकारार्थी होती का नकारार्थी ते मलाच ठाऊक नाही.

दुपारी माझा फोन थरथरला. 'शैला'. आता शैला मला कधी फोन करत नाही, कारण मी बोलत नाही. म्हणजे प्रकरण वकीलबाईंचंच! मी काय करावं? फोन सोफ्याच्या उशीखाली घातला आणि उशीवर बसलो. तो थरथरत राहिला. मीही.

(हे कारणमीमांसेसाठी लिहीत नाही. कारण नाहीच. मध्यमवयीन, नोकरदार माणूस उशीवर बसला होता, एवढंच.)

संध्याकाळी देवधरकाका अर्ज हातात, मागे सातआठ लोक आणि मध्ये मी, पीडित, अशी वरात समोरच्या बिल्डिंगकडे निघणार, तोच फाटकात रिक्षा थांबली. शैला. तिच्या चालण्यावरूनच मला कळलं. मी उलटा वळून जिन्याने वर. माझ्या मागे शैला. पीडित पळाला म्हणून तिच्या मागे देवधरकाका. आणि अर्ज त्यांच्या हातात असल्यामुळे मागे सगळी वरात.

"वहिनी, काय गं हे! फोन का बंद ठेवलास?" शैला दारातूनच.

"बंद नाही गं, टॉवर..."

"कसला टॉवर? बाईंनी केबिनबाहेर येऊन मला ऐकवलं. 'तुमच्या वहिनींना करायचे नसतील तर तसं सांगावं, फोन बंद करून बसायची काय पद्धत?' सगळ्या स्टाफसमोर! दुसरीकडे विचारायला सांगितलंय त्यांनी आता. आणि दादा, तू? तुला सहा वेळा फोन केला मी!"

वृंदा खाली बसली. आमच्या घरात ती गप्प आहे असं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

देवधरकाकांनी घसा साफ केला. "बघितलंत? टॉवरमुळे एका गृहिणीचं..."

"श्री," आतून आईने मला हाक मारली. "ही सुपारी कुठून आणलीस रे?"

सगळे आईकडे बघायला लागले. आई सावकाश बाहेर आली. तिचा एक गाल फुगलेला.

"सकाळपासून चघळतेय मेली. मऊ म्हणून पडत नाही. चवही नाही. आणि अडकित्ता तर बघ, धारेला दाते पडलेत!" असं म्हणून तिने तोंडातला ऐवज तळहातावर काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

पांढरा, तिकोनी, एका कडेला अगदी रेघेवर कापलेला तुकडा. त्यावर कंपनीच्या नावाचं अर्धं अक्षर.

मी मान्य करतो की त्या क्षणीही माझ्या मनात आलं ते हेच: कट किती स्वच्छ आलाय!

"हे काय आहे?" देवधरकाकांनी चष्मा वर केला.

"सिम," मी म्हटलं. आणि मग जे सुरू झालं ते मला थांबवता येईना. ट्रेसिंग पेपर, सोनेरी बाजू, आरसा, दुसरा कोपरा, पॉलिश पेपर, भुवयांचा चिमटा, लग्नपत्रिका, उशी. सगळं. सोसायटीत मी पहिल्यांदाच इतका वेळ बोलत होतो. दारातले लोक आत येऊन बसले. तिसऱ्या मजल्यावरच्याने मधेच विचारलं, "पण काका, अडकित्त्याने का?" त्याला आईने परस्पर उत्तर दिलं, "कारण बापाचा हात गेला तिथे याचाही जायचा. त्यांनी याच अडकित्त्याने रेडिओची वायर कापली होती. चालू."

देवधरकाकांनी अर्जाच्या हळूच चार घड्या घातल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. वैरी निर्दोष निघाल्याचं इतकं दुःख मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

लोक पांगल्यावर वृंदा बोलली, अगदी हळू. "सिम कापलंत त्याचं मला काही नाही. दुसरं येईल. पण मी सकाळपासून गच्चीत हात वर करून फिरतेय, आणि तुम्ही नुसते बघत होतात. एक वाक्य होतं हो सांगायचं."

मी अडकित्ता पुसून आईच्या डब्यात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या दुकानात नव्या सिमसाठी उभा राहिलो. तिथल्या मुलीने विचारलं, "काका, जुनं हरवलं की खराब झालं?" मी म्हटलं, "मी कापलं." तिने जुनं मागितलं, पाहिलं आणि शेजारच्या काउंटरवर दाखवायला घेऊन गेली. तिथून ते तिसऱ्या काउंटरवर गेलं. मी खाली बघत उभा राहिलो.

तिथून थेट ठाण्याला. शैलाने केबिनचं दार दाखवलं आणि स्वतः टाईपरायटरला नसलेला वेग आणून टाईप करायला लागली, म्हणजे तिला आत यावं लागू नये.

वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बोला."

"मी वृंदाचा नवरा," मी म्हटलं. "फोन तिने बंद ठेवला नव्हता. चूक माझी आहे. मी सिमकार्ड अडकित्त्याने कापलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कशाने?"

"अडकित्त्याने."

"अडकित्ता कुणाचा?"

"आईचा."

"आईंना विचारलं होतं?"

"नाही."

"बायकोला कधी सांगितलंत?"

"आईच्या तोंडातून तुकडा निघाल्यावर."

"कुणाच्या तोंडातून काय?"

मग ते सगळं परत. मधे मधे त्या असे बारीक प्रश्न टाकत होत्या की, टॉवरचा अर्ज मी आपण होऊन सांगणार नव्हतो तोही बाहेर आला. त्या एकदम उठल्या, दार उघडून ओरडल्या, "शैलाताई, आत या! आणि त्या दोघांनाही बोलवा!" आणि दोन ज्युनियर वकिलांसमोर माझी साक्ष पुन्हा पहिल्यापासून झाली. एकाला खुर्ची धरावी लागली. बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं. दुसरीकडे मी अजून 'हो' म्हटलेलं नाही. पण एक सांगा. मोदक कोण वळतं?"

"वृंदा."

"एकटी? तुम्ही कुठेही हात लावत नाही?"

"नाही."

"कापणं, चिरणं, काही?"

"नारळ फोडतो."

त्यांनी थोडा विचार केला. "तेवढं चालेल," म्हणाल्या. "वहिनींना सांगा, मी संध्याकाळी फोन करते. आणि फोन लागला पाहिजे!"

लागला. वृंदा गॅलरीत उभी राहून त्यांच्याशी बोलली, आणि हात खाली होता. गणपतीला मोदक गेले. त्यानंतर दर वर्षी जातात, आणि बाई दर वर्षी शैलाकडून निरोप पाठवतात, "अडकित्त्याला नमस्कार सांगा."

नव्या सिममध्ये अर्थातच जुना एकही नंबर नव्हता. पण दोन दिवसांत गिऱ्हाइकांचे फोन आपोआप आले, कारण गणपती जवळ आला की मोदकवालीचा नंबर लोक लावतातच. वृंदा एकेकीला आवाजावरून ओळखायची आणि नव्या फोनमध्ये भरत जायची. 'कळवा जायफळ नको'. 'टिळकनगर गूळ कमी'. 'ठाणे फोन लागायला हवा'.

परवा ती पीठ मळत असताना तिचा फोन वाजत होता. "अहो, बघा जरा कोण आहे," म्हणाली. कोण नव्हतंच, माझ्याच खिशातला फोन कुठलंतरी बटण दाबलं जाऊन तिला लागला होता. आणि तिच्या फोनच्या काचेवर, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत, इतकी वर्षं मी कधी न पाहिलेली माझी नोंद झळकत होती:

'अहो अडकित्ता नको'.